व्याह्यांच्या मापाचा स्वेटर

"विणकाम म्हणजे काय मोठां? वजन बरोबर, की सगळां बरोबर!" असं डिचोलीच्या जयरामने जाहीर केलं, तेव्हा त्याची बायको विनोदिनी भाकरी थापता थापता थांबली.

जयरामने उभा जन्म खनिजाचा ट्रक काट्यावर चढवला होता. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला गेला आणि रिकाम्या हातांना चाळा म्हणून तो मोबाइल बघून सुया चालवायला शिकला. पण लेकीच्या सासरी, कोरगावात, "तुझो बापूस आता काय करता गो?" असं कोणी विचारलं, की समीक्षाची मान खाली जायची. हे शल्य त्याला सलत होतं. म्हणूनच व्याही भिकाजी केदारनाथला निघाल्याचं कळताच त्याने फोनवर छाती ठोकली.

"स्वेटर विकत घेव नकात! मी विणतंय!"

"पण माका लोकरीन खाज येता, जयरामबाब."

"मगे सुताचो विणतंय!"

मोबाइलवरच्या बाईने बजावलं होतं, लोकरीऐवजी दुसरं काही घ्याल तर आधी वीतभर तुकडा विणा, धुवा, टांगून ठेवा, मग बघा.

"इल्लो तुकडो करून बघा हां," विनोदिनी म्हणाली.

"तुकडो कित्याक? पाचशे ग्रॅम लोकर सांगल्या, पाचशे ग्रॅम सूत हाडलां. काटो कधी खोटां बोलता?"

सूत अर्ध्या स्वेटरातच संपलं! शहाणा असता तर इथे थबकला असता. जयरामने आणखी तेवढंच आणलं.

ऐन मे महिना. व्याह्यांना निरोप द्यायला कोरगावच्या देवळात गाव जमला. भिकाजींनी सगळ्यांदेखत स्वेटर चढवला आणि काय सांगावं, अगदी बेतशीर बसला!

"माझ्या बापाशीन विणलो हा," समीक्षा दहाजणींना सांगत सुटली. जयराम अभिमानाने फुगला.

आरती लांबली. भिकाजींना घाम फुटला. सुताने तो घटाघटा पिऊन घेतला, आणि किलोभर सुताचा स्वेटर आणखी जड होऊन खाली निघाला. पहिल्या आरतीला कमरेवर होता, दुसरीला मांडीवर आणि तिसरीला गुडघ्यांवर! बाह्यांनी पंजे कधीच गिळले होते. भटजींनी दिलेलं तीर्थ भिकाजींच्या हातापर्यंत पोचलंच नाही, बाहीच पिऊन गेली.

"काडा तो, भिकाजीबाब!" जयराम काकुळतीला आला.

"कसो काडू? व्याह्यान आपल्या हातान विणलो हा!"

एवढं बोलून भिकाजी नमस्काराला वाकले, स्वेटरच्या घेरात पाय अडकला आणि न ठरवताच साष्टांग घडला!

"जयरामबाब, ट्रकाची ताडपत्री खंय गेली ती आज कळली!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळं देऊळ खदखदलं.

समीक्षा हसली नाही. बापाकडे न बघता ती सासऱ्यांच्या बाह्या दुमडत राहिली. जयरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात भिकाजींचा फोटो आला. मागे बर्फ, पुढे एकच स्वेटर पांघरून बसलेली चार म्हातारी डोकी. खाली लिहिलेलं, "जयरामबाब, माप एकदम बरोबर! चौगांक पुरता."

त्यापेक्षा व्याह्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या, तर जयरामला त्या दिवशी दोन घास तरी गेले असते!