तरंगिणीचं आखूड उड्डाण

एका जंगलात, बाळांनो, प्राण्यांचा मान पायघड्यांच्या लांबीवरून ठरायचा. उंदीर पाहुणा आला तर केळीचं एक पान अंथरायचे. हत्ती आला तर वेशीपासून वडापर्यंत पानंच पानं. एकदा रानडुकराच्या जावयाला दोन पानं कमी पडली, तर तो न जेवताच माघारी गेला.

या जंगलाच्या कडेनं एक नदी होती. पावसाळ्यात ती फुगली की पलीकडे जाणं बंद. आणि एकुलता एक वैद्य, भालू अस्वल, राहायचा नेमका पलीकडे. प्राण्यांनी कितीदा तरी पूल मागितला. सरपंच गवा दर वेळी शिंगं हलवून म्हणायचा, "पूल? एवढे दगड आणायचे कुठून?"

अशात तरंगिणी परत आली. ही एक तरुण करकोची. लहानपणी ती घरट्यातून पडली, तेव्हा खारूमावशीनं तिला वाढवलं होतं. शिकायला ती पार बर्फाच्या डोंगरांपलीकडे गेली होती. तिथून तिनं एक विद्या आणली. पाठीवर वेताची टोपली, टोपलीत प्रवासी, चार पावलं धावलं की थेट आभाळात! उतरायलाही खळ्याएवढी जागा पुरे.

खारूमावशीला दमा होता. गेल्या पावसाळ्यात ती थोडक्यात वाचली होती. पुन्हा नदी फुगायच्या आत तिला पलीकडे न्यायची सोय झालीच पाहिजे, एवढं एकच तरंगिणीच्या डोक्यात होतं.

तिनं सभेत सगळं समजावून सांगितलं. बोलताना तिचे डोळे चमकत होते. "झाडं तोडायला नकोत, कुरणं खणायला नकोत. आपल्यासारख्या जंगलांसाठीच तर ही विद्या आहे!"

साळिंदराचे काटे उभे राहिले. "आपल्यासारख्या म्हणजे कशा गं?"

"शेजारच्या जंगलात राजहंसांची धावपट्टी तळ्यापासून टेकडीपर्यंत आहे," कोल्हा म्हणाला. "धावपट्टी म्हणजे आभाळाला घातलेल्या पायघड्या! आणि आपली चार पावलांची? आपण काय उंदीर आहोत?"

"उंदरांचं नाव कशाला काढता?" मागून आवाज आला.

तरंगिणी मावशीकडे वळली. "मावशे, तू तरी बस टोपलीत. आत्ता एक फेरी मारून दाखवू यांना."

"एवढ्याशा जागेतून?" मावशीनं शेपूट झटकली. "अगं, चार जणांत काही शोभा? त्यापेक्षा इथंच मरेन, पण मानानं मरेन!"

झालं! तरंगिणीनं मान खाली घातली आणि धावपट्टीला होकार दिला.

काम सुरू झालं. पट्टी वडापर्यंत आली. शेजाऱ्यांनी आपली पट्टी वाढवल्याची खबर कावळ्यानं आणली, म्हणून यांनी वडाच्या पुढे नेली. मग पुन्हा शेजाऱ्यांनी, मग पुन्हा यांनी. शेवटी नदी आडवी आली.

"आता पुरे ना काका," तरंगिणी म्हणाली.

"पाण्याला भिऊन थांबायचं?" सरपंच फुरफुरला. "टाका रे दगड!"

हत्तींनी अर्धी टेकडी पोखरली. रानरेड्यांनी माती ओतली. पाणमांजरांनी दगडांखालून पाण्याला वाट ठेवली. पट्टी पलीकडच्या काठावर जाऊन टेकली. दगड कुठून आले, हे कुणी विचारलं नाही.

आषाढात नदी फुगली आणि मावशीचा दमा उफाळला. तरंगिणीनं तिला टोपलीत घातलं, पंख उघडले, चार पावलं धावली.

"खबरदार!" सरपंच ओरडला. "एवढी पट्टी बांधली ती काय नुसती बघायला? शेवटपर्यंत धावल्याशिवाय उडायचं नाही."

"काका, तिला श्वास घेता येत नाहीये!"

"धाव गं," टोपलीतून मावशी धापा टाकत म्हणाली. "सगळे बघतायत."

तरंगिणी धावली. पंख मिटून, काटकुळ्या पायांनी, चिखल उडवत धावली. वड मागे पडला. दगडांखाली नदी गरजत होती. माकडं ओरडत होती, "अजून! अजून!" धावपट्टी संपली, तेव्हा समोर भालू वैद्य दारात उभा होता.

काढा पोटात गेला आणि मावशीचा श्वास शांत झाला. तिनं तरंगिणीच्या चोचीवरून हात फिरवला. "काय सुरेख उडवलंस गं! पोटातलं पाणी हललं नाही."

"मावशे, मी उडालेच नाही."

"गप्प बस. चारचौघांत असं बोलू नये."

तेव्हापासून त्या जंगलात सगळे उडतात. ससे उडतात, साळिंदर उडतं. कासवही उडतं, त्याला जरा वेळ लागतो इतकंच. पूल हा शब्द कुणी काढत नाही. तरंगिणीला मुख्य वैमानिक केलं आहे. ती सगळ्यांच्या पुढे धावते. आसपास कुणी नसलं, तर एखाद्या खडकावरून चार पावलांत आभाळात जाते. उतरते मात्र हळूच, पाय न वाजवता.

तात्पर्य : बाळांनो, पूल हवा असेल तर विमानतळ मागावा. आणि उडता येत असेल, तर ते सभेत सांगू नये.