भारत-मंगोलिया संबंध आणि दातार काका

इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे दातार काका सकाळी दात घासायच्या आधी भारत आणि मंगोलियाचे संबंध कसे आहेत ते बघतात. चीन-पाकिस्तानशी त्यांना देणंघेणं नाही. मोबाइल नाकाला लावून फक्त मंगोलियाची बातमी शोधायची, आणि नाही सापडली तर जास्तच घाबरायचं. "बातमी नाही म्हणजे आत काहीतरी शिजतंय. परिस्थिती नाजूक आहे," असं जिन्यात भेटेल त्याला सांगायचं.

कारण शेजारी. काकांच्या भिंतीपलीकडे गनबात नावाचे मंगोलियन आजोबा राहतात. काका त्यांना गणपतराव म्हणतात आणि तेही ओ देतात. इंग्रजी दोघांचंही बेताचंच, त्यामुळे सगळे संबंध एका स्टीलच्या डब्यावर. इकडून थालीपीठ जायचं, तिकडून वाळवलेल्या दह्याचे खडे यायचे. काका ते चहात बुडवून डोळे मिटून खायचे. "नको म्हटलं तर राजदूत परत बोलावतील हो!"

गेल्या मंगळवारी मी घरून काम करत होतो. ऐन मीटिंगमध्ये बेल वाजली. दारात काका, हातात तो डबा. घासून-पुसून लख्ख, आणि रिकामा.

"आपलं कोणी तिकडे काही वेडंवाकडं बोललंय का, बघा बरं लवकर."

मी बघितलं. "काका, संबंध उत्तम आहेत."

"वरवर! भरल्या डब्याला रिकामा डबा कोणी देतं का?"

मी हसलो. काका हसले नाहीत. मग दारातच, हळू आवाजात त्यांनी सांगितलं. जानेवारीत ते बाथरूममध्ये पडले होते. मुलगा-सून ऑफिसला, फोन स्वयंपाकघरात. तांब्यानं भिंत ठोकत राहिले. गणपतरावांनी ऐकलं आणि बिल्डिंगच्या मॅनेजरला किल्ली घेऊन आणलं.

"मुलाला बोललो नाही. उगाच काळजी करेल, नाहीतर परत पाठवेल. तिकडे तरी कोण आहे आता? पण हा माणूस रागावला, तर मी भिंत ठोकून काय उपयोग?"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मीटिंग सोडून मी त्यांच्याबरोबर वर गेलो.

गणपतरावांचं दार उघडंच होतं. आत खोकी. त्यांची नात टेप लावत होती. आजोबा शुक्रवारी कायमचे डेन्व्हरला, तिच्या आईकडे निघाले होते. स्वयंपाकघर बांधून झालं होतं, डब्यात घालायला घरात काही उरलं नव्हतं. "ही वॉज सो अशेम्ड," ती म्हणाली. "आमच्यात भांडं रिकामं देत नाहीत."

गणपतराव मान खाली घालून उभे होते. काकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "रागावले नाहीत हो!" मला म्हणाले, आणि त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग नजर त्या खोक्यांवरून भिंतीकडे गेली.

आपल्या दाराशी आल्यावर काकांनी विचारलं, "आमच्या बाथरूमखाली तुमची कामाची खोली येते ना?"

"हो, काका."

"फरशीवर ठोकलं तर खाली ऐकू जाईल?" आणि मग भीत भीत, "पण तुम्ही कानांवर ते हेडफोन घालून बसता."

तेव्हापासून मीटिंगमध्ये मी एकच कान झाकतो.