मलई, साय आणि लाल फुली

कंपालातल्या सेंटोंगोच्या बैठकीच्या खोलीत आठवडाभर भिंतीवर दोन ठिगळं होती. एक मलई रंगाचं, एक साय रंगाचं. दोन्हींतला फरक फक्त त्याच्या बायकोला, नाकाटोला, आणि (तिच्या मते) डोळे असलेल्या कोणालाही दिसत होता. शनिवारी मुलीला, सान्यूला, मागणी घालायला सोयरे येणार होते. त्याआधी भिंत रंगवायची होती, आणि या घरातला निदान एक निर्णय आपला असावा अशी सेंटोंगोची माफक इच्छा होती.

"सान्यूचे बाबा, मी चर्चमधून आल्यावर ठरवू. कशाला हात लावू नका," नाकाटो बजावून गेली.

ती वळणाआड जाताच सेंटोंगोचा पुरुषार्थ जागा झाला. त्याने सखोल विचार करून साय निवडली, कारण तो डबा जवळ होता. पुढे घोटाळा नको म्हणून फाटकाचा उरलेला लाल रंग घेऊन त्याने मलईवर हातभर फुली मारली. वास जावा म्हणून दार उघडं टाकलं आणि चहा टाकायला मागे गेला.

शेजारच्या नालोंगोबाईंनी जाता जाता आत पाहिलं. भिंतीवर लाल फुली म्हणजे नगरपालिका घर पाडणार, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. रस्ता रुंद होणार अशी कुणकुण होतीच.

सेंटोंगो कप घेऊन बाहेर आला, तर अख्ख्या गल्लीतल्या गाद्या, फ्रीज, शेळ्या, सगळं रस्त्यावर.

"काय झालं हो?"

"फुली मारून गेलेत. बाहेरची फुली लोक पुसतात, म्हणून आता घरात शिरून मारतात मेले," नालोंगोबाई म्हणाल्या. "घरं पडायला आली आणि तुम्ही चहा कसला पिताय?"

फुली कुठे, कोणाच्या घरात, हे विचारायचं भान सेंटोंगोला राहिलं नाही. त्याने एकट्याने सोफा उचलून रस्त्यावर आणला.

नाकाटो परतली तेव्हा नवरा भर रस्त्यात सोफ्यावर धापा टाकत होता.

"बुलडोझर येतोय. फुली मारलीय," तो म्हणाला.

तिने उघड्या दारातून आत पाहिलं. "ती? ती कोणी मारली?"

सेंटोंगो उठला आणि सोफा उचलून पुन्हा आत नेऊ लागला.

ओल्या लालवर साय फासली, ती गुलाबी झाली. मलई फासली, आणखी गुलाबी झाली. शेवटी दोन्ही डबे लालमध्येच ओतून अख्खी भिंत रंगवावी लागली.

शनिवारी नवऱ्या मुलाची आत्या भिंतीपुढून हलेना. "काय गोड रंग आहे. कोणी निवडला?"

सेंटोंगोने घसा खाकरला.

"मी," नाकाटो म्हणाली. "ह्यांना रंगातलं काही कळत नाही. सोफा मात्र छान उचलतात."