गोपाळरावांचं डासखाऊ झाड

अकोल्याच्या कचेरीत मसुदे तपासणारे कारकून गोपाळराव यांनी आषाढातल्या एका सोमवारी ठरवलं, की आपण घरी डास खाणारं झाड लावायचं. तोवर त्यांनी आयुष्यात काहीच लावलं नव्हतं. (लहानपणी एक आंब्याची कोय पुरली होती, पण उगवली का, हे रोज उकरून पाहिल्यामुळे ती बिचारी कंटाळली.)

कारण साधं होतं. मागच्या कार्तिकात त्यांची सहा वर्षांची तारा हिवतापाने गेली. डॉक्टर म्हणाले, डासांमुळे. मच्छरदाणी होती, पण ताराला पाय बाहेर काढून झोपायची सवय. तेव्हापासून तिच्या आईने, चारुशीलाबाईंनी, बोलणंच टाकलं. सकाळी "पाणी काढलंय" आणि रात्री "पान वाढलंय", एवढी दोनच वाक्यं. त्या दोन वाक्यांच्या मधली शांतता गोपाळरावांना सोसेना. म्हणून कचेरी सुटली की ते स्टेशनावर जाऊन बाकावर बसत, मूर्तिजापूरकडून येणारी गाडी पाहत, आणि अंधार पडल्यावर घरी जाऊन "आज फार काम होतं" म्हणत. तिथल्या हमालाला वाटे, यांचं कोणीतरी यायचं आहे. "आजबी नाई आले का जी?" असं त्याने एकदा विचारलं. गोपाळराव "नाही" म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

अशात सेमाडोहचे रेंजर उत्तमराव कचेरीत आले आणि बोलता बोलता म्हणाले, मेळघाटात एक झाड आहे. बोटभर उंच. पानांवर दवासारखे चिकट थेंब. डास बसला की पान हळूच मिटतं आणि त्याला खाऊन टाकतं. गोपाळरावांच्या हातातला टाक तसाच राहिला. असं झाड चारुशीलेला दाखवलं, तर ती काहीतरी बोलेल. निदान "अगंबाई" तरी म्हणेल!

पंधरा दिवसांनी बियांची पुडी आली. बी कसलं, नुसती धूळ. पुडीवर उत्तमरावांनी लिहिलं होतं: खत घालू नका. विहिरीचं पाणी घालू नका, पावसाचं घाला. बी पुरू नका, मातीवर नुसतं भुरभुरा. पण वीस वर्षं दुसऱ्याचे मसुदे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातात कागद आला, की तो दुरुस्त झालाच पाहिजे. "जंगलातला माणूस, बागेतलं त्याला काय कळतं?" असं म्हणून गोपाळरावांनी तांबड्या शाईने तिन्ही सूचना उलट्या केल्या.

ते अंगणात पुडी उघडून बसले, तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या नत्थुजींचं डोकं वर आलं.

"काय जी, तपकीर आनली? मले नाई देत?" आणि नको म्हणेपर्यंत नत्थुजींनी चिमूटभर घेऊन नाकात ओढलीसुद्धा.

"अहो नत्थुजी, ते बी आहे!"

"कायचं?"

"डास खाणाऱ्या झाडाचं."

नत्थुजींचा चेहरा उतरला. "मंग नाकात उगवलं त?"

"तर तुम्हाला डास चावणार नाहीत."

नत्थुजींनी क्षणभर विचार केला. "असं म्हंता? मंग आनखी जराशीक द्या."

स्वयंपाकघराच्या दारात चारुशीलाबाई तांदूळ निवडत होत्या. गोपाळरावांना वाटलं, त्यांचे खांदे हलले. पण ते हसण्याने की आणखी कशाने, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

उरलेलं बी कुंडीत बोटभर खोल पुरलं. वर घमेलंभर शेणखत, त्यावर विहिरीचं खारं पाणी. सहाव्या दिवशी अंकुर! गोपाळराव आता कचेरीतून तडक घरी येऊ लागले. कुंडीशी पाट टाकून बसत आणि घरात ऐकू जाईल अशा आवाजात बातम्या देत. "अगं, पानं जाड झाली, खाऊन खाऊनच!" "देठ तांबडे झाले, रक्ताचा गुण आहे हा!" मेलेला डास ते चिमट्याने पानावर ठेवत, आणि तो वाऱ्याने उडाला की "खाल्ला!" म्हणत. नाही उडाला तर म्हणत, "आज एकादशी आहे. ब्राह्मणाच्या घरचं झाड, उपास करतंय."

घरातून फक्त भांड्यांचा आवाज येई.

मग त्यांना वाटलं, ताजी शिकार हवी. डास कुंडीकडे यावेत म्हणून ते सदरा काढून उघडेच बसू लागले. डास आले, पुष्कळ आले. त्या महिन्यात त्या अंगणात मांसाहार झाला खरा. पण तो डासांनी केला, आणि गोपाळरावांचा.

श्रावणातल्या एका संध्याकाळी ते घराकडे तोंड न वळवताच सांगत होते, "हे जरा वाढलं की खिडकीत ठेवू. मग या घरात एकसुद्धा डास—"

फाडकन् त्यांच्या पाठीवर थापड बसली.

ते दचकून वळले. मागे चारुशीलाबाई. तळहातावर चिरडलेला डास आणि रक्ताचा ठिपका.

"घोळ आहे ती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"घोळ. भाजीची घोळ. शेणखतातून आली. दोन पानांची होती तेव्हापासून दिसतंय मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून परत स्टेशनावर गेला असता."

"तुला कोणी सांगितलं, मी स्टेशना—"

"कोटावर कोळशाचे कण कचेरीत पडतात होय? मी आठ महिने बोलायचं कुणाशी, भिंतीशी? तुम्ही यायचे पान वाढायच्या वेळेला. म्हणून मी म्हणायची, पान वाढलंय." त्यांनी तो तळहात पुढे धरला. "एकीला नेलं त्या मेल्यांनी. आणि तुम्ही अंग उघडं टाकून बसता, या म्हणून!"

त्या तिथेच चिखलात बसल्या आणि रडल्या. गोपाळरावही रडले. तारा गेल्यावर दोघं एकत्र रडली ती त्या दिवशी पहिल्यांदा, घोळीच्या कुंडीपाशी.

भिंतीवरून नत्थुजींचं डोकं वर आलं. "वयनीनं मारलं का जी?"

"डास मारला," गोपाळराव म्हणाले.

"डास मारला त रडून काहून राहिले?"

चारुशीलाबाईंनी पदराने डोळे पुसले. नत्थुजींचं डोकं हळूहळू खाली गेलं.

पुष्कळ वेळाने गोपाळरावांनी विचारलं, "मग आता मी संध्याकाळी काय करू?" (हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता.)

"घरी या. परसातल्या वाफ्यात तण माजलंय, ही घोळच सगळी, ते काढा. मी पायरीवर बसेन."

दुसऱ्या दिवशी ते तडक आले आणि परसात उकिडवे बसले. चारुशीलाबाई पायरीवर बसून ताराबद्दल बोलू लागल्या: ती भाताचे डोंगर करून मग आधी शिखर खायची ते, नत्थुजींच्या म्हशीला "मावशी" म्हणायची ते. गोपाळराव ऐकत होते, रडत होते आणि उपटत होते. डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं, नाक चोंदलं होतं. पण हात थांबले नाहीत.

दिवेलागण झाली तशा चारुशीलाबाई कंदील घेऊन खाली आल्या. उपटलेल्या तणाच्या जुड्या गोपाळरावांनी कचेरीतल्या दप्तरासारख्या नीट बांधून ओळीने मांडल्या होत्या. ती कोथिंबीर होती, सगळी. घोळ वाफ्यात जागच्या जागी, एक पानही न दुखावता, उभी होती.

त्यांनी कंदील वर धरून एकदा वाफ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"उद्यापासून," त्या म्हणाल्या, "तुम्ही नुसतेच बसा."