साडूच्या बेडकावर उतारा

"एक महिना थांब! साडूच्या त्या बेडकाला कुत्रंसुद्धा विचारणार नाही!"

रेंजरने छाती पुढे काढून ही घोषणा केली तेव्हा त्याची बायको ओट्याशी भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"बेडकाला कुत्रं कशाला विचारेल?" ती म्हणाली. "त्यापेक्षा ते वरचं बघा आधी. माळ्यावर परत खुडखुड सुरू झालीय."

"उंदीर असतील गं!"

"इतकी वर्षं उंदीरच? कौलं सरकलीत म्हणून सांगून माझं तोंड दुखलं. भावजींनी बघा, परवाच सगळं छप्पर नीट करून घेतलं."

बस्स! 'भावजी' हा शब्द कानावर पडला की रेंजरच्या डोक्यात तिडीक जायची. भावजी म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा, म्हणजे रेंजरचा साडू. आणि मंडळी, साडूचा हेवा हा काही साधासुधा हेवा नव्हे. शेजाऱ्याचा हेवा दार लावलं की बाहेर राहतो. साडूचा हेवा आपल्याच घरात, आपल्याच पानात, आपलीच बायको वाढते!

त्यात साडूही रेंजरच. हुद्दा तोच, पगार तोच, जंगलाची हद्दसुद्धा एकमेकांना लागून. उलट साडूच्या वाट्याला आलेलं जंगल म्हणजे नुसते दगड आणि काटे. आपल्या रेंजरकडे जुनी झाडं, बारमाही ओढा, सगळं कसं भरलेलं. पण नशीब म्हणतात ना! गेल्या पावसाळ्यात साडू गस्त घालताना खड्ड्यात पडला आणि उठून बघतो तर बुटावर बेडूक बसलेला. तो बेडूक या भागातून नाहीसा झाला असं सगळे जाणकार धरून चालले होते. झालं! साडूच्या खड्ड्याभोवती शंभर मीटर राखीव क्षेत्र जाहीर झालं, पाटी लागली, पेपरात फोटो आला, भाषणांची आमंत्रणं सुरू झाली. लोक खड्ड्यात पडून पाय मोडून घेतात, हा पडला तोसुद्धा फायद्यात!

"भावजींनी एक अख्खी जात वाचवली," बायको म्हणायची. "तुम्ही काय वाचवलंत?"

रेंजरने खूप आठवून पाहिलं. त्याने फक्त रजा वाचवल्या होत्या.

पण आता त्याच्याकडे उतारा होता. जंगल खात्याच्या वसाहतीमागच्या ओढ्याशी एक संशोधक बाई यंत्र घेऊन बसायची. वटवाघळांचे जे आवाज माणसाला ऐकू येत नाहीत ते ऐकणारं यंत्र. तिच्या सामानात वर काट्याकाट्यांची एक अँटेनाही असायची, म्हणून सगळे तिला अँटेनाबाईच म्हणत. तर ही अँटेनाबाई त्याच दिवशी सकाळी धावतच ऑफिसात आली होती.

"सर, एक वटवाघूळ सापडलंय! या भागात त्याची नोंदच नाही!"

"बेडकापेक्षा दुर्मीळ आहे का?"

"अशी तुलना करत नाहीत, सर."

"अहो, पण केलीच तर?"

"केलीच तर... हो, असावं."

रेंजरने तिला दोनदा चहा पाजला.

"आता राखीव क्षेत्राचा प्रस्ताव करू," तो म्हणाला. "आजच!"

"सर, आधी ती दिवसा कुठे झोपतात ते शोधायला हवं. जाळीत एक धरू, पाठीवर छोटा ट्रान्समीटर चिकटवू आणि अँटेनाने माग काढू. झोपायची जागा कळली की मग हद्द ठरवायची. तशीच पद्धत आहे."

"अहो, झोपणार कुठे? पलीकडच्या डोंगरात गुहा आहेत, तिथेच! वटवाघळं काय लॉजवर उतरतात? तुम्ही काढा तुमचा माग, मी तोवर नियम करून ठेवतो."

आणि नियम तरी कसे केले! साडूने बेडकासाठी काय काय केलं होतं ते समोर ठेवलं आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या डोक्यावर पाय दिला. साडूची हद्द शंभर मीटर? मग आपली पाचशे! साडूने फक्त गाड्या बंद केल्या? आपण गाड्या, दिवे, धूर, आवाज, बांधकाम, दुरुस्ती सगळं बंद! जिथे झोपायची जागा सापडेल तिथून सगळ्या बाजूंनी, त्याच दिवसापासून, पिल्लं मोठी होईपर्यंत!

दोन्ही साडूंच्या वरच्या अधिकारी म्हणजे मोठ्या बाई. त्यांनी चष्मा सावरत प्रस्ताव वाचला.

"हद्दीत कुणाची वस्ती असेल तर?"

"वटवाघळांच्या खाली राहायला कोण येडा जाईल, मॅडम?"

"तरी पण. असलीच तर?"

"असली तर उठवायची! तुमच्या मागच्या राखीव क्षेत्रात, नाव नको घ्यायला, पण सवलती फार दिल्या गेल्या. सवलत दिली की जंगल गेलंच म्हणून समजा. आत फक्त एक जबाबदार अधिकारी जाईल. म्हणजे मी."

मोठ्या बाई खूश झाल्या. "इतका कडक प्रस्ताव माझ्याकडे कधी आला नव्हता. तुमच्या साडूंनीसुद्धा दिला नव्हता!" असं म्हणून त्यांनी सही ठोकली. त्या एका वाक्यावर रेंजर आठवडाभर जेवला नसता तरी चाललं असतं.

इकडे अँटेनाबाईने संध्याकाळी ओढ्यावर जाळं लावलं, एक वटवाघूळ हळूच धरलं, त्याच्या पाठीवर इवलासा ट्रान्समीटर चिकटवला आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माग काढायचा होता. रेंजरने मोठ्या बाईंना बोलावलं, पेपरवाल्या फोटोग्राफरला बोलावलं, आणि आग्रहाने, अगदी फोनवर फोन करून साडूला बोलावलं. साडूच्या डोळ्यांदेखत झालं नाही तर त्या विजयाला चव काय!

साडू हसत हसत आला. तो नेहमीच हसत असायचा, हे त्याच्याबद्दल आणखी एक डोक्यात जाणारं!

"अभिनंदन, साडूभाऊ! मला फार आनंद झाला."

"व्हायलाच हवा," रेंजर म्हणाला. "हे घ्या, अँटेना धरा जरा. माझा खांदा दुखतोय."

खांदाबिंदा काही दुखत नव्हता. साडू हमालासारखा अँटेना घेऊन मागून चालेल आणि आपण पुढे हात दाखवत, असा फोटो त्याला हवा होता. वरात निघाली. रेंजर डोंगराकडे वळला.

"सर, इकडे नाही," अँटेनाबाई यंत्राला कान लावत म्हणाली. "आवाज खालून येतोय."

"खाली कसा असेल? खाली वसाहत आहे!"

टिक... टिक... टिक...

साडूने अँटेना डोंगराकडे फिरवली की यंत्र गप्प. वसाहतीकडे फिरवली की टिकटिक सुरू. रेंजर म्हणाला, यंत्र बिघडलंय. मग म्हणाला, साडू उलटी धरतोय. मग म्हणाला, वटवाघूळच वाट चुकलं असेल. कुणी ऐकायला तयार नव्हतं. सगळे टिकटिकीच्या मागे ऑफिस ओलांडून, पंप ओलांडून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून एका फाटकापाशी आले. तिथे यंत्र असं काही तडतडलं की फोटोग्राफर दचकून मागे सरला.

"कुणाचं घर आहे हे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

रेंजर वाळत घातलेले कपडे निरखायला लागला. शेवटी साडूच हळूच म्हणाला, "आमच्या साडूभाऊंचं."

आत कुकरची शिट्टी झाली.

रेंजरची बायको ओले हात पदराला पुसत दारात आली. बघते तर अख्खं खातं अंगणात! "अगंबाई, भावजी! या ना! आणि हे काय, टीव्हीची अँटेना कशाला आणलीत?"

अँटेनाबाई सरळ आत घुसली. तिच्यामागे अँटेना घेऊन साडू, त्याच्यामागे मोठ्या बाई, मग फोटोग्राफर, आणि स्वतःच्याच घरात सगळ्यांच्या मागे रेंजर! स्वयंपाकघरात ओट्याच्या बरोबर वर माळ्याची झडप होती. शिडी लावली. साडू वर चढला, अँटेना उंचावली, अँटेनाबाईने त्याच्या बाजूने डोकं आत घातलं. फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढून घेतला.

"आई गं!" अँटेनाबाई कुजबुजली. "सगळा माळा भरलाय! आणि प्रत्येकीच्या पोटाशी पिल्लू! सर, हे त्यांचं बाळंतपणाचं घर आहे!"

"बाळंतिणी आहेत?" रेंजरच्या बायकोने गालावर हात ठेवला. मग ती गर्रकन नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही मला उंदीर, उंदीर सांगत होतात!"

"सरकलेल्या कौलांतून ये-जा करतात त्या," अँटेनाबाई कौतुकाने म्हणाली. "बरं झालं, छप्पर दुरुस्त केलं नाहीत ते. केलं असतं तर वटवाघळांची ही वसाहतच टिकली नसती."

उभ्या नोकरीत रेंजरने वन्यजीवनासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम हे होतं, की बायकोचं ऐकलं नाही!

एवढ्यात मोठ्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तो कुकर बंद करा."

"अहो, पण वरण अजून..."

"धूर, वाफ, आवाज, दिवे, सगळं बंद. आजपासून. पाचशे मीटर." त्या रेंजरकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक होतं. "तुमचेच शब्द आहेत. स्वतःच्या घरावर नांगर फिरवून नियम करणारा अधिकारी मी पहिल्यांदाच बघतेय."

"मॅडम, थोडी सवलत..." रेंजर पुटपुटला.

"छे! सवलत दिली की जंगल गेलंच. बरोबर?"

पाचशे मीटरमध्ये वसाहतीतली बाकीची घरंही आली, ऑफिस आलं, आणि चहाची टपरीसुद्धा आली. ती मंडळी गाठोडी बांधताना रेंजरला काय काय म्हणाली ते इथे सांगण्यासारखं नाही.

"पण मी राहू कुठे?" बायकोने विचारलं.

रेंजरला पुढचं वाक्य दिसत होतं. ट्रक अंगावर येताना दिसतो तसं दिसत होतं, पण हलता येत नव्हतं.

"आमचं घर नाही का?" साडू हसत म्हणाला. "ताई वाटच बघत असते तुमची. छप्परही नवीन आहे!"

बायकोने बॅग भरली. रेंजरही आपले कपडे भरायला लागला, तर मोठ्या बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही कुठे निघालात? आत राहायला एक जबाबदार अधिकारी हवा ना?"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. शिडीवर साडू, हातात अँटेना, चेहऱ्यावर तेच हसू. खाली लिहिलं होतं, 'बेडूक वाचवणाऱ्या अधिकाऱ्याने आता वटवाघळांचाही शोध लावला.' रेंजरही होता फोटोत. शिडी धरलेलं कोपर त्याचं होतं. त्याने तो पेपर आधी फाडला, मग कोपर तरी नीट आलंय का ते बघायला परत जोडला.

आता रेंजरचा दिनक्रम काय सांगू! दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, घरात चपला घालून चालायचं नाही. रोज दुपारी डबा यायचा तो साडूच्या घरून, थंडगार. खाताना चावण्याचा आवाज होऊ नये म्हणून तो भाकरी आधी पाण्यात भिजवायचा. वर माळ्यावर मात्र सगळ्या बाळंतिणी मजेत. संध्याकाळ झाली की कौलांतून भुर्रकन बाहेर पडायच्या, पोटभर किडे खायच्या आणि परत यायच्या.

रोज त्याच वेळी बायकोचा फोन यायचा. तो घ्यायला रेंजर हद्दीबाहेरच्या वळणापर्यंत चालत जायचा.

"गेल्या का सगळ्या बाहेर?"

"गेल्या."

"पिल्लं कशी आहेत? ते कोपऱ्यातलं अशक्त होतं, ते पीतंय ना?"

"पीतंय."

"त्यांना वारा लागत नाही ना? बरं, ठेवते."

संपला फोन! लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी 'तुम्हाला वारा लागतो का' म्हणून विचारलं नव्हतं. रेंजर वळणावर उभा राहून विचार करायचा. साडूचा हेवा परवडला, साडू निदान माणूस तरी आहे. इथे आता उलटं टांगलेल्या, मूठभर आकाराच्या प्राण्यांचा हेवा करायची पाळी आली! एकदा तर त्याने माळ्याच्या झडपेखाली उभं राहून, अर्थात कुजबुजत, त्यांना विचारलंसुद्धा, "काय आहे तुमच्यात एवढं?"

मग एका संध्याकाळी त्याला शिंका यायला लागल्या. नाकातोंडावर उशी दाबून त्या त्याने कशाबशा जिरवल्या. अंगात कणकण भरली. थरथरत तो वळणापर्यंत गेला. फोन वाजला.

"गेल्या का सगळ्या बाहेर?"

"गेल्या. पण ऐक ना... मला ताप आलाय."

"ताप?" बायकोचा आवाज बदलला होता. असा आवाज त्याने तिच्या तोंडून स्वतःसाठी कधी ऐकला नव्हता. "कधीपासून?"

"कालपासून. शिंका तर विचारूच नकोस."

"आणि मला आत्ता सांगताय? झोपता कुठे तुम्ही? स्वयंपाकघरातच ना, माळ्याखाली?"

साडू, बेडूक, छप्पर, पेपरातलं कोपर, सगळं एका क्षणात माफ झालं. डोळे पुसत रेंजर म्हणाला, "हो गं, तिथेच. पण तू काळजी करू नकोस."

"काळजी करू नको काय!" बायको ओरडली. "आत्ताच्या आत्ता अंथरूण उचला आणि अंगणात जाऊन झोपा! वर लेकुरवाळ्या आहेत सगळ्या, तुमचं काही त्यांना लागलं म्हणजे?"