पुरावा क्रमांक एक

दादाच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती : ज्यांना समोरचं दिसतं ती, आणि दादा, ज्याला त्यापलीकडचं दिसतं. चेहऱ्यावरून चोर आणि चपलेवरून चहाडखोर ओळखणारा असा पुरुष शतकात एकदाच जन्माला येतो, हे तो स्वतःच सांगे; दुसऱ्या कुणाला अजून त्याचा पत्ता लागला नव्हता.

म्हणून धाकट्या बहिणीची गाडी चढावर गिअर सोडू लागली, तेव्हा दादाने प्रकरण आपणहून अंगावर घेतलं. धाकटी घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करायची. त्यासाठीच तिने ही जुनी गाडी घेतली, आणि दहाव्या दिवसापासून टेकाडावरचे तिचे तीन रुग्ण तिची वाट बघत पडले. विकणारा व्यापारी म्हणे, दिली तेव्हा ठणठणीत होती, तुम्हीच चालवून बिघडवली. बिघाड आधीचा होता हे सिद्ध झालं नाही, तर गाडी गळ्यात पडणार आणि काम हातचं जाणार.

दादाने भिंग काढलं. पहिल्या दिवशी निष्कर्ष निघाला, की दोन अर्ध्या गाड्या जोडून ही एक केली आहे, कारण पुढच्या दारांचं मागच्या दारांशी पटत नाही. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला जुळा भाऊ निघाला : विकताना हसतो तो एक, तक्रार ऐकताना हसत नाही तो दुसरा. सगळेच व्यापारी असे असतात, असं धाकटीने हळूच सुचवलं. दादाने वहीत नोंद केली : ‘टोळी मोठी आहे.’

व्यापाऱ्याने हाताने लिहून दिलेली पावती मात्र त्याने जिवापाड जपली. पुठ्ठ्यावर ठेवून चारी कडांना चिकटपट्टी मारली, वर ‘पुरावा क्रमांक एक’ असं लिहिलं, आणि आठवडाभर तिच्या डावीकडे कललेल्या अक्षरांत व्यापाऱ्याचं कपटी मन वाचलं.

तक्रार कार्यालयातल्या कारकुनाने खिडकीतून पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. “हा फायलीत बसत नाही. आणि प्रत दोन्ही बाजूंची लागते.”

“मागे काही नाही,” दादा म्हणाला.

“नसलं तरी लागते.”

कारकुनाने नखाने पट्टी सोलली आणि कागद उलटला. व्यापारी हाडाचा काटकसरी. पावत्या रद्दी कागदांच्या पाठीवर लिहायचा. ही पाठ निघाली एका गॅरेजच्या चिठ्ठीची. तिच्यावर याच गाडीचा नंबर, विक्रीच्या चार दिवस आधीची तारीख, आणि खाली मेकॅनिकचा निरोप : शेठ, गिअरबॉक्स गेलाय, चढावर टिकणार नाही, विकण्याआधी बदला.

सुनावणीत व्यापाऱ्याने आधी आपलं अक्षर ओळखलं, मग मेकॅनिकचं, आणि तो मान खाली घालून गाडी परत घ्यायला, पैसे पूर्ण द्यायला कबूल झाला. कागद वाया घालवू नये असं वडील सांगायचे, एवढंच तो पुटपुटला.

धाकटीने बाहेर येऊन तिन्ही रुग्णांना फोन केले. दुसरी गाडी मिळेपर्यंत बसने, पण उद्यापासून नक्की येते म्हणाली. दादा तोवर छाती पुढे काढून उभा होता.

“बघितलंस? पुरावा असा जपला होता, की त्या व्यापाऱ्याच्या बापालाही सापडला नसता.”

“हो दादा,” धाकटी मायेने म्हणाली, “आपल्यालाही नसता.”