एका वर्गातले एकोणीस कलेक्टर

पगारे काकांनी एकदा दहावीच्या एकाच वर्गातले तेरा कलेक्टर फोनवरून घरी पाठवले.

आमची नाशिकच्या अंबडमधली कंपनी शाळांसाठी इयरबुकं आणि शाळेचं बोधचिन्ह कोरलेल्या अंगठ्या बनवते. शाळा सोडताना मुलं दोन्ही घेऊन जातात. अंगठी कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात हरवते, पुस्तक आई कपाटात ठेवते. मी पानं लावते, काका मुद्रितं तपासतात. प्रत्येक फोटोखाली नाव आणि 'मला काय व्हायचंय' अशी एक ओळ असते. दुसऱ्या कुणी ऱ्हस्व-दीर्घ बघून पान सोडलं असतं. काका फॉर्मवरचा नंबर फिरवत.

"बाळा, कलेक्टर लिहिलंयस. नक्की? छापून जाणार आहे हं!"

ही धमकी ते सगळ्यांनाच देत. डबा खाताना त्यांची भाजी छान झालीय म्हटलं तरी, "नक्की? छापून जाणार आहे हं!" मग मीठ जरा जास्त पडल्याचं मला कबूल करावं लागे.

त्या वर्गात एकोणीस कलेक्टर होते. सहा टिकले. उरलेल्यांपैकी एकाला ड्रोननं द्राक्षबागा फवारायच्या होत्या, एकीला केकचं दुकान काढायचं होतं. एक म्हणाला, "काका, मला फक्त झोपायचंय. पहाटे क्लास असतो." काकांनी त्याच्यापुढे 'निवांत' असं लिहून पान माझ्याकडे दिलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी मालकांना विचारलं, "शाळेच्या बदनामीची ऑर्डर आम्ही कधी दिली होती?"

मालक केबिनमध्ये काकांवर ओरडले, "पगारे, आपण पुस्तकं काढतो, चौकशी आयोग चालवत नाही! अजून एक तक्रार आली की घरी बसायचं."

काका बाहेर येऊन मला म्हणाले, "रागात माणूस 'चौकशी'तली 'शी' ऱ्हस्व उच्चारतो."

पुढच्याच आठवड्यात निफाडकडच्या एका शाळेचं पुस्तक आलं. त्यात सोनाली नावाच्या मुलीची ओळ कोरी होती. काकांनी फोन लावला. वडिलांनी उचलला, "लिवा कायतरी" म्हणाले आणि ठेवून दिला.

काका दिवसभर त्या पानापाशी बसून राहिले. संध्याकाळी मालकांना म्हणाले, मुलीचा फोटो हललाय, पुन्हा काढायला हवा. फोटो लख्ख होता. रविवारी मी मोबाईल घेऊन त्यांच्यासोबत एसटीत बसले.

सोनालीच्या वडिलांनी अंगणात खाट टाकली. तिनं चहा आणला. काकांनी खाटेवर पान पसरलं. तीस चेहरे, तीस नावं, एकोणतीस ओळी.

"हे का मोकळं?" वडिलांनी बोट ठेवलं.

"तेच विचारायला आलोय."

"दहावी झाली, बास झालं की. टाका डॉक्टर-बिक्टर. कोन बघतंय?"

"मी खोटं छापत नाही. तिलाच विचारा ना."

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. विचारायचं कसं, हेच त्यांना सुचत नसावं. शेवटी म्हणाले, "काय गं? सांग की."

"बारावी," ती म्हणाली. "बारावीपर्यंत तरी."

काकांनी पेन काढलं. "नक्की? छापून जाणार आहे हं." हे मात्र ते तिला म्हणाले नव्हते. वडिलांकडे बघत होते.

वडिलांनी कप खाली ठेवला. "छापा," ते म्हणाले. "कॉलेज हाय निफाडात."

डॉक्टर-इंजिनिअरांच्या रांगेत 'बारावी' छापून गेलं. तक्रार आली नाही. जूनमध्ये काकांच्या मोबाईलवर सोनालीच्या कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो आला. तो मात्र खरंच हललेला होता.

त्या रविवारी परतताना मी म्हटलं, "काका, आज कमाल केलीत."

चांदोरी मागे पडल्यावर ते म्हणाले, "माझी मुलगी कळवणला दिलीय. बारावी झाली, चांगलं स्थळ आलं, उरकून टाकलं. तिला पुढं काय करायचं होतं, ते मी विचारलंच नाही. पंधरा वर्षं झाली."

"मग आता विचारा."

"आता काय विचारायचं, वैशाली!"

तरी त्यांनी फोन काढला. "काय गं, जेवलीस का? ... नाही नाही, सगळं बरं आहे. सहजच." मग अडखळत, "तुला गं... तेव्हा काय व्हायचं होतं?"

ती बोलू लागली.

नाशिक आलं. बस रिकामी झाली, कंडक्टर दोनदा येऊन गेला. काका कानाशी फोन घट्ट धरून बसले होते. "बोल तू," ते म्हणत होते, "मला काही घाई नाही."